कासचं कुंपण

माझ्याकडे २०११च्या सप्टेंबरातला एक फोटो आहे. पुण्याहून आम्ही सहा जण रविवारी पहाटे निघून कासला गेलो होतो. फोटोत मी जांभळ्या-निळ्या फुलांच्या मधोमध मांडी घालून बसले आहे. दोन्ही हात पसरलेले, मागे पठारावर उतरलेला ढग. त्या आठवड्यात तो फेसबुकवर टाकला आणि मला तोवर कधी मिळाले नव्हते इतके लाइक मिळाले. किमान चार जणींनी विचारलं, "कुठे आहे गं हे? कसं जायचं?" मी सगळ्यांना रस्ता सांगितला. कुठे गाडी लावायची, कुठून आत शिरायचं, तेही सांगितलं.

त्या फुलांना 'सीतेची आसवं' म्हणतात हे मला नंतर कळलं. त्यांच्यावर बसल्याने काय होतं, हे कळायला आणखी काही वर्षं गेली. हा लेख त्या मधल्या वर्षांचा आहे. कासला कुंपण आलं कसं, ते गेलं कसं, आणि त्या कुंपणाने नक्की कोणाला अडवलं, याचा.

बोटभर मातीवरचं रान

साताऱ्याच्या पश्चिमेला पंचवीसेक किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून साधारण बाराशे मीटर उंचीवर हे पठार आहे. वर जांभ्या दगडाचा कातळ. कातळावर माती कुठे बोटभर, कुठे तेवढीही नाही. पावसाळ्यात इथे पाणी साचून राहतं आणि उन्हाळ्यात हाच दगड तव्यासारखा तापतो. मोठ्या झाडाला इथे मूळ धरता येत नाही. त्यामुळे इथली बरीचशी रोपं घाईत जगतात. पावसाळ्याच्या ओलीत उगवायचं, फुलायचं, बी टाकायचं आणि पाणी आटायच्या आत संपायचं.

माती इतकी निकस, की काही वनस्पतींनी किडे खायची सोय करून घेतली आहे. 'दवबिंदू' नावाचं रोप पानांवरच्या चिकट थेंबांत किडा अडकवतं. सीतेची आसवंही त्याच पंगतीतली. वर नाजूक निळं फूल, आणि खाली ओल्या मातीत डोळ्यांना जेमतेम दिसतील अशा पिशव्या, ज्या पाण्यातले सूक्ष्म जीव ओढून घेतात. याशिवाय गेंद, तेरडा, सोनकी, आणि कित्येक वर्षांच्या खंडानंतर एकदम बहरणारी टोपली कारवी. सपुष्प वनस्पतींच्या साडेआठशेहून अधिक जाती इथे नोंदवल्या गेल्या आहेत. त्यांतल्या एका वायतुऱ्याच्या शास्त्रीय नावातच आपला जिल्हा आहे: अपोनोजेटॉन सातारेन्सिस. ही जात शास्त्राच्या नोंदीत आली १९८२ साली. म्हणजे हे पठार किती वेगळं आहे याचा हिशेब मांडणं अगदी अलीकडेच सुरू झालं.

आता माझ्या फोटोकडे परत या. मी बसले त्या जागची रोपं अजून फुलावर होती. बी टाकायला वेळ होता. वर्षभराच्या रोपाचं बी पडायच्या आत ते चिरडलं, तर त्याची पुढची पिढी तिथेच थांबते. शिवाय ओली माती पायाखाली दबून घट्ट होते आणि त्यात नवं बी रुजायला कठीण जातं. एकट्या माझ्या बसण्याने पठाराचं फार बिघडलं नसेल. पण त्या रविवारी तिथे मी एकटी नव्हते.

म्हसरांच्या पायाखालची फुलं

काही वर्षांपूर्वी मी पुन्हा गेले, या वेळी एका मंगळवारी, छत्री घेऊन. पठारावर हंगामात काम करणारे एक मामा भेटले. आसपासच्या गावातले, वय साठीच्या पुढे. पर्यटकांना ठरलेल्या वाटेवर ठेवायचं हे त्यांचं काम. मी त्यांना विचारलं, तुमच्या लहानपणी इथे काय होतं? ते म्हणाले, "ताई, आमची म्हसरं हितंच चरायची. फुलं तवा बी होती. बघाया कुणी येत नव्हतं, एवढंच."

हे 'एवढंच' माझ्या डोक्यात राहिलं. कारण कासबद्दल आपण बोलतो तेव्हा ते पठार जणू कालपर्वा कोणी शोधून काढलं अशा सुरात बोलतो. प्रत्यक्षात इथे माणसाची ये-जा जुनी आहे. पठारावरून कुमुदिनी तलावाकडे जाणाऱ्या वाटेला आजही 'राजमार्ग' म्हणतात. पठाराजवळचा कास तलाव ब्रिटिशांच्या काळात बांधला गेला आणि तिथलं पाणी उताराने खाली साताऱ्यात आणलं गेलं. साताऱ्यातली कित्येक घरं पिढ्यान्‌पिढ्या कासचं पाणी प्यायली आहेत. आणि कास, एकीव, आटाळी, कासाणी अशा आसपासच्या गावांची गुरं या माळावर चरत आली.

म्हणजे ज्याला आपण 'अस्पर्श निसर्ग' म्हणतो, तो गुरांच्या खुरांखालून आणि गुराख्यांच्या डोळ्यांदेखत इथवर आला होता.

ती जमीन मात्र कागदावर गावकऱ्यांची राहिली नव्हती. १८७८ साली इंग्रज सरकारने वन कायदा केला आणि राखीव जंगलांची पद्धत पक्की झाली. ज्या रानात लोक हक्काने गुरं चारत, लाकूडफाटा आणत, ते रान सरकारी झालं आणि हक्कांच्या जागी सवलती आल्या. सवलत देणारा ती काढूनही घेऊ शकतो. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली पूर्ण केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या पुस्तकात या जंगल खात्यावर कोरडे ओढले आहेत. डोंगर आणि गायरानं खात्याच्या घशात गेल्यावर गरिबाने शेळी चारायची कुठे, हा त्यांचा रोख होता. फुल्यांचं मूळ गाव कटगुण, तेही सातारा जिल्ह्यातलंच. कासच्या कुंपणाची गोष्ट सांगताना मला हे पुस्तक आठवतं, कारण प्रश्न तोच आहे. राखायचं म्हणजे कोणापासून?

माणूस नसलेलं रान

फुले साताऱ्या-पुण्याकडच्या शेतकऱ्याबद्दल लिहीत होते त्याच्या अकरा वर्षं आधी, १८७२मध्ये, अमेरिकेत यलोस्टोन हे जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान मानलं जाणारं उद्यान जाहीर झालं. उकळत्या पाण्याचे झरे, कारंजी, रानरेडे. कल्पना मोठी होती: ही जागा कुणा एकाच्या मालकीची न होता सगळ्यांना पाहायला राखून ठेवायची. पण 'सगळ्यांना' या शब्दात तिथले मूळ रहिवासी बसले नाहीत. शोशोनी, क्रो, बॅनक अशा जमाती त्या भागात शतकानुशतकं राहत होत्या, शिकार करत होत्या. त्यांना हळूहळू बाहेर काढलं गेलं. पर्यटक आत आले, त्यांनी झऱ्यांभोवतीचे सुंदर दगडी थर फोडून आठवण म्हणून घरी न्यायला सुरुवात केली. शेवटी १८८६मध्ये उद्यान सांभाळायला लष्कर बोलावावं लागलं, आणि ते तीसहून अधिक वर्षं तिथे राहिलं.

हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. आधी राहणारे बाहेर गेले, मग पाहणारे आत आले, आणि मग पाहणाऱ्यांपासून वाचवायला पहारा बसला.

बरोबर शंभर वर्षांनी, १९७२मध्ये, युनेस्कोने जागतिक वारशाचा करार मंजूर केला. १९७८मध्ये पहिली बारा ठिकाणं यादीत आली, त्यांत यलोस्टोन होतं. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदाही १९७२चाच. अभयारण्यं आणि राष्ट्रीय उद्यानं वाढत गेली, आणि त्यांच्याबरोबर गावं उठवण्याचे वादही.

यादीत नाव

पश्चिम घाटाचा प्रस्ताव युनेस्कोच्या समितीपुढे २०११मध्ये आला तेव्हा मंजूर झाला नाही. पुढच्या वर्षी तो पुन्हा गेला, आणि १ जुलै २०१२ रोजी रशियातल्या सेंट पीटर्सबर्ग इथल्या बैठकीत पश्चिम घाटातल्या ३९ जागा जागतिक वारसा यादीत आल्या. महाराष्ट्रातल्या चार: कोयना, चांदोली, राधानगरी आणि कास. पहिल्या तीन जागा ही नावाजलेली अभयारण्यं किंवा उद्यानं. कास मात्र साधारण अकराशे हेक्टरांचं राखीव वन, मधून डांबरी रस्ता जाणारं आणि पुण्याहून एका दिवसात जाऊन येण्यासारखं.

कोयना-चांदोलीच्या जंगलात शिरायला वेळ, परवानगी, वाटाड्या, सगळं लागतं. कासला फक्त गाडी लागायची. त्यात याच वर्षांत चांगला कॅमेरा असलेले फोन सगळ्यांच्या हातात आले. 'जागतिक वारसा' ही दोन अक्षरं सुरक्षेची पाटी म्हणून लावली गेली, पण वाचली गेली जाहिरातीसारखी. सुट्टीच्या दिवशी घाटात गाड्यांच्या रांगा लागल्या. रस्त्याकडेला हॉटेलं उभी राहिली आणि त्यांतल्या बांधकामांवरून वाद सुरू झाले. लोक फुलांत लोळून फोटो काढत होते. मी त्यांच्यात पहिली नव्हते, शेवटचीही नव्हते.

मग वन विभागाने पठाराला रस्त्याकडून तारेच्या जाळीचं कुंपण घातलं. त्या वेळी ते मला पटलं होतं. गर्दी इतकी बेशिस्त होती की दुसरा उपाय चटकन सुचावा तरी कसा? पाठोपाठ बाकीची व्यवस्थाही बसत गेली. शुल्क, ऑनलाइन बुकिंग, आत फिरायला ठरलेल्या वाटा, आणि दिवसाला तीन हजार पर्यटकांची मर्यादा. हे सगळं चालवायला आसपासच्या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्या पुढे आल्या. १९९०मध्ये केंद्र सरकारने गावांना जंगल सांभाळण्यात सहभागी करून घ्यायचं धोरण आणलं होतं, त्यातून आलेली ही पद्धत. तिकीट, वाहनतळ, वाटेवरची देखरेख या कामांत गावातली मुलंमुली लागली. मुंबईला कामाला जाणाऱ्या या डोंगरी पट्ट्यात हंगामापुरतं का होईना, गावात काम मिळणं ही छोटी गोष्ट नाही.

एवढ्यावर गोष्ट संपली असती तर ती यशोगाथा झाली असती. पण मामांनी मला कुंपणाबद्दल वेगळंच सांगितलं. "जाळी लावली ती माणसांसाठी," ते म्हणाले. "माणसं तिकीट काढून आत गेली. म्हसरं भाईर राहिली."

गवत उंच झालं

गुरं बंद झाली तेव्हा बहुतेकांना ती बरी गोष्ट वाटली. गाय-म्हैस फुलं खाणार, तुडवणार, असं कोणालाही वाटेल. पण काही हंगामांनी गावकरी सांगू लागले की फुलं विरळ होताहेत आणि गवत माजतंय. काही अभ्यासकांनीही हेच मांडलं. त्यामागचं कारण समजायला सोपं आहे. कासची पुष्कळ फुलझाडं वीतभरसुद्धा उंच नसतात. त्यांना उघडं आकाश लागतं. गुरं चरत तेव्हा गवत आखूड राही आणि या बुटक्या रोपांना ऊन मिळे. चराई थांबली की गवत आणि झुडपं उंच होतात, आणि सीतेच्या आसवांसारखं रोप त्यांच्या सावलीत हरतं.

फक्त कुंपणामुळेच फुलं कमी झाली, असं म्हणणं मला धाडसाचं वाटतं. दरवर्षीचा पाऊस वेगळा असतो. टोपली कारवीचं स्वतःचं लांबलचक गणित असतं. बेसुमार चराईने उजाड झालेले माळही आपण पाहिले आहेत. पण इतकं नक्की की पठाराच्या आजवरच्या जगण्यात गुरांचा वाटा होता, आणि कुंपण घालताना तो कोणी मोजला नाही. पुढे हा मुद्दा मान्य झाला आणि दहाएक वर्षं उभी राहिलेली जाळी काढण्यात आली.

मला या माघारीचं कौतुक वाटतं. सरकारी कामात घातलेलं कुंपण परत उतरवल्याची उदाहरणं किती सापडतील? पण कुंपण काढणं म्हणजे पठार मोकळं सोडणं नव्हे. तारेने जे काम करायचं होतं, ते आता माणसांनी करायचं आहे. शिट्टी वाजवून "दादा, वाटेवर या" म्हणणाऱ्या पोरापोरींनी, आणि ते ऐकणाऱ्या आपण.

किती जण, कोणासोबत, पैसा कुठे

माणसांची संख्या बांधून घालायची कल्पना काही कासने शोधलेली नाही. दक्षिण अमेरिकेतल्या एक्वादोर देशाची गॅलापागोस बेटंही १९७८च्या त्या पहिल्या यादीत होती. तिथल्या जमिनीपैकी ९७ टक्के राष्ट्रीय उद्यान आहे आणि उरलेल्या तुकड्यावर लोक राहतात. उद्यानात पर्यटकाने ठरलेल्या जागीच उतरायचं, ठरलेल्या वाटेवर चालायचं, आणि बहुतेक ठिकाणी परवानाधारक वाटाड्याशिवाय हलायचं नाही, असा नियम आहे. तरीही पर्यटन आणि वस्ती इतकी फुगली, बाहेरच्या वनस्पती-प्राण्यांचा शिरकाव इतका झाला, की २००७मध्ये युनेस्कोने त्यांना 'धोक्यातला वारसा' ठरवलं. उपाय केल्यावर २०१०मध्ये तो शिक्का उतरला. नियम एकदा करून भागत नाही, दरवर्षी सांभाळावे लागतात, एवढं त्यातून कळतं.

पैशाचा प्रश्न समजायला मात्र इतकं लांब जायला नको. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यात वेळास नावाचं गाव आहे. नाना फडणविसांचं गाव म्हणून ते आधीपासून माहीत होतं. तिथल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. पूर्वी ती अंडी चोरीला जात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने, भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, गावकऱ्यांना सोबत घेऊन या शतकाच्या सुरुवातीला घरटी राखायला सुरुवात केली. पुढे कासव महोत्सव सुरू झाला. पिल्लं समुद्रात जाताना पाहायला आलेली माणसं गावातल्या घरांतच उतरतात, तिथेच जेवतात. त्यामुळे किनाऱ्यावरचं एक घरटं वाचणं म्हणजे काय, हे गावातल्या प्रत्येक चुलीला कळतं.

कासमध्ये गावांच्या समितीमुळे हे काही प्रमाणात झालं आहे. पण साताऱ्याहून येऊन, फोटो काढून, परतीच्या वाटेवरच्या मोठ्या हॉटेलात जेवून जाणारा पर्यटक गावाला काय देतो? वाहनतळाची पावती आणि मागे राहिलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या. आता या डोंगरांत 'नवीन महाबळेश्वर' नावाचा गिरिस्थान प्रकल्प येऊ घातला आहे. सातारा, जावळी, पाटण या तालुक्यांतली दोनशेहून अधिक गावं त्याच्या आराखड्यात आहेत. आराखडा करताना पठारावर किती माणसं झेपतील हे आधी ठरणार, की हॉटेलच्या खोल्या आधी ठरणार? जाळीच्या वेळी गुरांचा हिशेब राहून गेला होता. या वेळी काय राहून जाईल, हे आताच विचारलं पाहिजे.

तीन हजारांची मर्यादा पाळली, तरी दीड महिन्याच्या हंगामात पठार १ लाख ३५ हजार माणसं पाहू शकतं. गावांच्या गुरांपेक्षा हा कळप कितीतरी मोठा आहे, आणि तो चरून गवत कमी करत नाही. म्हणून तो वाटेवर चालतो की नाही, यावर सगळं अवलंबून आहे.

गेल्या महिन्यात माझ्या मावसबहिणीचा मेसेज आला. ती आता त्याच वयाची आहे, ज्या वयात मी फुलांत बसले होते. "ताई, कासला फार गर्दी असते म्हणे. गर्दी नसलेलं असंच एखादं पठार सांग ना. रील करायचाय."

अशी तीन पठारं मला माहीत आहेत. तिथे अजून तिकीट नाही, वाट नाही, शिट्टी वाजवणारं कोणी नाही. तिथली गुरं अजून चरताहेत. २०११मध्ये मी चौघींना सांगितलं होतं तसं तिलाही सांगणं अगदी सोपं होतं. मी बराच वेळ फोन हातात धरून बसले, मग तिला कासच्या बुकिंगबद्दल लिहिलं. मधल्या वारचं बघ, वाटेवरून चाल, दुपारी गावातल्या एखाद्या घरी पिठलं-भाकरी सांगून ठेव.

तिचं लगेच उत्तर आलं. "पण तिथे तर गर्दी असते ना?"

"असते," मी लिहिलं. "रांगेत उभी राहा."